फेहरिस्तीत न लिहिलेली पेटी

पुष्कळ प्रकरणं मी विसरले. मारामाऱ्या, घरफोड्या, गुरांच्या चोऱ्या आता एकमेकींत मिसळून गेल्यात. हे एक मात्र वेगळं राहिलं. ह्यात रक्त नव्हतं की पळापळ नव्हती. एका बाईने आपलं घर दोन बैलगाड्यांत भरलं आणि गाव सोडलं, एवढंच झालं होतं.

आधी माझं सांगते. मी चौथीपर्यंत शिकले. नवरा जिंतूरच्या ठाण्यात जवान होता, तो तापाने गेला. राज्य निजामाचं. ठाण्याच्या मुख्याला अमीन म्हणत आणि कागद सगळे उर्दूत. बायकांची झडती घ्यायला बाई लागायची, म्हणून अमीनसाहेबांनी मला ठेवून घेतलं. झडती नसेल तेव्हा मी ओटा झाडायचे, रांजण भरायचे आणि ऐकत राहायचे. पाणी भरणाऱ्या बाईसमोर माणसं मोकळं बोलतात. राज्य बदललं तशी मला रीतसर शिपाई करून घेतलं. निवृत्त झाले तेव्हा दंडावर फिती होत्या, पण धंदा शिकले तो त्या ओट्यावर.

उन्हाळ्याचे दिवस होते. एका सकाळी सामानाने भरलेल्या दोन गाड्या ठाण्यापुढे येऊन थांबल्या. मागच्या गाडीतून पन्नाशीची एक बाई उतरली आणि सरळ ओट्यावर चढली. ती वालूरची. नवरा वारलेला, एकुलता मुलगा वऱ्हाडात जिनिंगमध्ये नोकरीला. त्याचं लग्न आठ दिवसांवर आलेलं. म्हणून वालूरचं घर बंद करून ती कायमची मुलाकडे निघाली होती. वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात. तिकडे घर न्यायचं तर वाटेत जकातीचा नाका लागे, आणि नाक्यावर सामानाची यादी दाखवावी लागे. ह्या यादीला फेहरिस्त म्हणत. असं घर हलवण्याचं काम गाड्यांचा ठेकेदार करायचा. गाडी त्याची, गाडीवान त्याचा, फेहरिस्तही त्याचाच मुन्शी लिहायचा. आपण फक्त अंगठा उठवायचा.

बाईची तक्रार अशी. पुढच्या गाडीत एक लहान सागवानी पेटी होती. जिंतूरच्या गाडीतळावर दुपारचा मुक्काम झाला. तिथून निघून दुसऱ्या दिवशी नाक्यावर पोचल्यावर पाहिलं, तर घोंगडीखाली पेटी नाही. पेटीच्या जागी सरपणाची मोळी. तिने तिथूनच गाड्या माघारी फिरवल्या.

बातमी लागताच ठेकेदार हजर झाला. जिंतुरातलाच. स्वच्छ धोतर, काळी टोपी, बोलायला मऊ. त्याने गाडीवानाकडची फेहरिस्त घेऊन अमीनसाहेबांपुढे ठेवली.

"हुजूर, एक्केचाळीस नग लिवलेत. बाईचा अंगठा हाय. नाक्यावर एक्केचाळीस मोजले, त्यांचा शिक्का हाय. पेटी कुठंच न्हाई."

अमीनसाहेबांनी कागद दोनदा वाचला. "कागज तो पूरा है, अम्मा," ते तिला म्हणाले. "गया क्या फिर?"

"देव गेले," बाई म्हणाली. "चांदीचे टाक. पाच देवाचे अन् दोन आमच्या घरच्यांचे." टाक म्हणजे देवाचा नाहीतर घरातल्या गेलेल्या माणसाचा ठसा उठवलेला, देव्हाऱ्यात पुजायचा लहान पत्रा.

ठेकेदार ह्याचीच वाट पाहत होता. "चांदी? मग लिवली कामून न्हाई? हुजूर, नाक्याला न सांगता चांदी राज्याबाहेर न्यायली होती ही. मी गरीब माणूस, माझ्या गाड्या जप्त झाल्या असत्या."

आता बाईची गोची झाली. चांदी होती म्हणावं तर तीच गुन्हेगार. नव्हती म्हणावं तर देव गेले. फिर्याद द्यायला आलेली बाई पाच मिनिटांत आरोपी कशी होते, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. अमीनसाहेबांनी मला हाक मारली आणि म्हणाले, "झडती लो."

मागच्या खोलीत मी तिची झडती घेतली. कनवटीला हळदकुंकवाची पुडी, दोन कापराच्या वड्या, बाकी काही नाही. मी विचारलं, "टाक लिवले कामून न्हाईत?"

"मुन्शी म्हणला, अजून काही? मी म्हणलं, सामान सरलं. खोटं काय बोलले? देवाला सामान म्हणू का मी? त्यात माझा मालक हाय, माय. त्यो गेला तवा त्याचा टाक केला. त्याला डेगच्या अन् पाट्याच्या रांगेत बसवू?"

आमच्या घरीही कुणी लिहिले नसते.

"दीर म्हणत व्हता, देव गावातच ऱ्हाऊ दे," ती पुढे म्हणाली. "मी थोरली, म्हणून हट्टानं घेऊन निघाले. आता भावकी म्हणंल, रांडमुंडीनं देव मोडून खाल्ले. अन् पोराच्या लग्नात हळद कुणाला लावू? देवाच्या आधी नवरदेवाला लावू का?"

मी बाहेर येऊन सांगितलं, "अंगावर काही न्हाई, साहेब. बाई खरं बोलती."

"तुला काय मालूम?"

"खोटी बाई आधी रडती. ही मघापासून भांडायली हाय."

साहेब हसले नाहीत, पण तिला कोठडीतही घातलं नाही. रोजनामच्यात नोंद केली आणि दोन्ही गाडीवानांना ओट्यावर बसवून ठेवलं. पुढच्या गाडीच्या गाडीवानाला जमादाराने दोनदा विचारलं. त्याचं एकच उत्तर, "पेटी मी पाह्यलीच न्हाई."

रांजण भरायची वेळ झाली तशी मी घागर घेऊन गाडीतळावरच्या विहिरीवर गेले. तिथे एक म्हातारी बैलांना पाणी पाजायची. मला पाहून म्हणाली, "आली का अमिनीण? काय गं, त्या अनवाण्या गाडीवानाला धरलंय म्हणं?"

"कुणाला?"

"परवा दुपारी आला न्हाई का दोन गाड्या घेऊन. रस्ता तव्यावाणी तापलेला, ह्यो लंगडत चाललेला अन् वहाणा जुवाला टांगलेल्या. मी म्हणलं, बापू, वहाणा तुझ्या हायत का बैलाच्या? हसला बी न्हाई. पर भाकर खाऊन निघाला तवा पायात घातल्या अन् गाडीत बसून गेला राजावाणी."

मी घागर तिथेच ठेवली.

आमच्या भागात ज्या गाडीत देव असतात, त्या गाडीचा गाडीवान पायात वहाण घालत नाही आणि गाडीत बसत नाही. जू धरून अनवाणी चालतो. हे कुणी शिकवत नाही. बापाला पाहून पोरगा करतो. म्हणजे वालूरहून निघताना गाडीत देव आहेत हे ह्याला ठाऊक होतं. आणि जिंतुराहून निघताना गाडीत देव नाहीत, हेही ठाऊक होतं.

मी साहेबांना म्हणाले, "त्याला मी विचारू का?"

जमादार म्हणाला, "हां, आता तेवढंच राह्यलं व्हतं. उद्या बाईला खुर्ची द्या." साहेबांनी मात्र हाताने खूण केली, विचार.

गाडीवान भिंतीला टेकून पाय पोटाशी घेऊन बसला होता. मी त्याच्यापुढे उकिडवी बसले.

"पाय पुढं कर."

त्याने केले नाहीत. जमादाराने काठी आपटली तेव्हा केले. दोन्ही तळव्यांना फोड, एक फुटलेला.

"हे काय?"

"वहाणा नव्या हायत, बाई. चावल्या."

"वहाण चावती तवा बोटाला लागतं, टाचंला लागतं. तळवा पोळत न्हाई. अन् ह्या नव्या? अंगठा आरपार दिसायलाय." मी त्याची वहाण उलटी करून ठेवली. "वालूर ते जिंतूर अनवाणी आलास. गाडीत देव व्हते म्हणून आलास. जिंतुरातून वहाणा घातल्यास. मला एकच सांग. देव कुठं उतरले?"

तो पेटीबद्दल खोटं बोलायची तयारी करून बसला होता. देव कुठे उतरले ह्या प्रश्नाची तयारी त्याने केली नव्हती. त्याने ठेकेदाराकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे.

"मी न्हाई उतरवले. मी हात लावला न्हाई. मालकानं उतरवले. म्हणला, बिनलिवलेली चांदी नाक्यावर घावली तर गाडी बैलासगट जप्त व्हती. बैल माझे हायत, बाई. नुस्ती गाडी त्येची."

"हुजूर, मी पेटी वाचवली," ठेकेदार लगेच म्हणाला. "सांभाळून ठेवली, म्हातारीचं नुकसान नको म्हणून."

"मघा पेटी कुठंच नव्हती," साहेब म्हणाले. "अब संभाल के रखी?"

दोन पंच घेऊन आम्ही त्याच्या गोदामावर गेलो. सरकीच्या ढिगात जमादाराने काठी खुपसली तशी ती लाकडावर वाजली. पेटी निघाली. बाईने उघडून पाहिली, सात टाक होते. तिने त्यांना हात लावला नाही, आधी विहिरीवर जाऊन हात धुऊन आली. जमादार मात्र ढीग उपसत राहिला, आणि खालून मांजरपाटाचं एक गाठोडं निघालं. त्यातही टाक. वेगवेगळ्या घडणीचे, काही झिजून तोंडं पुसलेले. एका घरचे नव्हते, तीन-चार घरचे तरी असतील.

मुन्शीला विचारलं तेव्हा सगळं उलगडलं. ह्या लोकांना एक गोष्ट पक्की कळली होती. घर हलवणारा माणूस खलबत्ता लिहून देईल, फुटका रांजण लिहून देईल, पण देव लिहून देणार नाही. म्हणून मुन्शी शेवटी मुद्दाम विचारायचा, अजून काही? समोरचा म्हणायचा, सरलं. मग चोरी झाली तरी कागद पुरा. आणि कुणी ओरडलं तर चांदी लपवल्याचा धाक.

ठेकेदाराला सजा झाली, मुन्शीलाही झाली. बाईवर चांदी लपवल्याचा गुन्हा लागला नाही. साहेबांनी लिहिलं की माल जिंतुरातच सापडला, नाक्याच्या बाहेर गेलाच नाही, मग चोरून नेला म्हणणार कसं? साहेब कडक होते, पण कागद नीट वाचायचे.

एक गोष्ट उरली. पुढे जायचं तर आता टाक फेहरिस्तीत लिहायला हवे होते. साहेबांनी ठाण्यातल्या कारकुनाला नवीन कागद घ्यायला सांगितलं. बाई पेटी मांडीवर घेऊन बसली होती. मला वाटलं, ही आता नाही म्हणणार आणि सगळं पाण्यात जाणार.

मग ती म्हणाली, "लिवा. सामान म्हणून लिवा. राग आला तर माझ्यावर यील, पोरावर न्हाई."

कारकुनाने बेचाळिसावा नग लिहिला आणि अंगठ्यासाठी शाई पुढे केली. तिने हात मागे घेतला. "आधी वाचून दाखवा. पहिल्यापासून."

कारकून वैतागला. साहेब म्हणाले, "पढो." बेचाळीस नग वाचून होईपर्यंत ती एकेका नगाला बोट दुमडत होती. मग अंगठा दिला. निघताना माझ्या कपाळाला कनवटीच्या पुडीतलं नुसतं हळदीचं बोट लावलं. पुढच्या गाडीवर तोच गाडीवान होता, कारण बैल त्याचे. फोडांवर चिंधी बांधून तो पुन्हा अनवाणी चालायला लागला.

त्या माणसाचा मी पुष्कळ विचार केला. देवासाठी त्याने पाय पोळून घेतले, पण देव चोरीला गेले तेव्हा तोंड उघडलं नाही. नोकरीभर असे लोक मी पाहिले. त्यांना वाईट म्हणता येत नाही आणि चांगलं म्हणायला जीभ रेटत नाही. श्रद्धा असली म्हणजे हिंमत असतेच असं नाही. पण तपास करणाऱ्याने त्यांची श्रद्धा ओळखावी. जीभ खोटं बोलते तेव्हाही सवय खरं सांगत असते.

दुसरं शिकले ते कागदाचं. ठाण्याला कागदावर असतं तेवढंच दिसतं. माणूस मात्र सगळ्यात मोलाचं तेच कागदावर घालत नाही, कारण त्याला ते वस्तू वाटत नाही. गाठोड्यातले टाक ठाण्याच्या मालखान्यात राहिले. त्यांच्या मालकांनी फिर्याद दिली नव्हती, कारण त्यांच्याही फेहरिस्ती पुऱ्या होत्या. राज्य गेलं, ठाणं तेच राहिलं. दर दसऱ्याला शस्त्रपूजेच्या वेळी मी ते गाठोडं सोडून पुसायचे आणि पुन्हा बांधायचे. मी निवृत्त झाले तोवर कुणी आलं नाही.

आता माझा मुलगा परभणीला राहतो. मागे त्याने घर बदललं. सामान नेणाऱ्या कंपनीचा माणूस छापील कागद घेऊन आला आणि एकेक वस्तू विचारून लिहायला लागला. पलंग, कपाट, फ्रीज. शेवटी म्हणाला, "अजून काही, आजी?"

मी म्हणाले, "देव लिही. नऊ."

मुलगा हसला. "आई, देव काय सामान हाय?"

"न्हाई," मी म्हणाले. "म्हणूनच लिही म्हणले."