दोन खोल्यांमधली वायर

धरणगावच्या शाळेतली नोकरी सोडून मी जळगावला घरातच लग्नपत्रिका तयार करून द्यायचा धंदा सुरू केला, तेव्हा आख्ख्या गल्लीत कॉम्प्युटर फक्त माझ्याकडे होता. तोही एक नाही, दोन. एक बाहेरच्या खोलीत, एक आतल्या, आणि मधून भिंतीला खिळे ठोकून नेलेली जाड काळी वायर. या वायरीतून चित्रं आपोआप पलीकडे जातात, हे मी दूधवाल्यालाही थांबवून सांगायचो. त्याला उशीर व्हायचा, माझं समाधान व्हायचं.

पटलं नव्हतं ते फक्त आबांना. नोकरी सोडल्यापासून माझे वडील शिरपूरकडच्या गावाहून माझ्याकडे फिरकलेच नव्हते. दिवाळीला आले आणि चहा संपायच्या आत त्यांनी विचारलं, "पक्की नोकरी सोडीसन तू हाई काय करी ऱ्हायना?"

मी याच प्रश्नाची वाट बघत होतो. आदल्या वर्षी आई गेली होती. कुणाच्या तरी लग्नात निघालेला तिचा एकच फोटो आमच्याकडे होता, तो मी मोठा करून बाहेरच्या कॉम्प्युटरवर ठेवला होता. आबांना आतल्या कॉम्प्युटरसमोर बसवलं. "बघा आबा, चुटकीसरशी येईल," म्हणालो आणि खरोखरच चुटकी वाजवली.

पडद्यावर सगळ्यात वर पदराची एक रेघ उमटली. थांबली. बऱ्याच वेळानं दुसरी. दसऱ्यापासून हे असंच चाललं होतं, पण आज तरी वायर इभ्रत राखेल असं मला वाटलं होतं. मी आधी व्होल्टेजला शिव्या दिल्या, मग बायकोच्या मिक्सरला, मग उंदरांना. तोवर कपाळ आलं, कुंकू आलं, भुवया आल्या. आबा पडद्यावरून नजर काढेनात. मेलो, आता पुन्हा नोकरीचं निघणार, असं वाटून मी घाईघाईनं सगळं बंद केलं आणि वायरीचे जोड काढायला बसलो.

पहिलाच जोड उघडला तर आत कुंकू! वाळून पिनेला घट्ट चिकटलेलं, वर अक्षतांचा एक दाणा. खंडेनवमीला आमच्याकडे नांगरापासून विळ्यापर्यंत सगळ्या अवजारांना हळदकुंकू लागतं. बायकोनं कॉम्प्युटरला बाहेरून बोट टेकवलं होतं. पण मी पडलो शिकलेला. खरं काम आत चालतं, बाहेर टिळा लावून काय उपयोग, म्हणून मी एकेक जोड उघडून ओलं कुंकू आत भरलं होतं.

बायको दारातून म्हणाली, "उंदीर पूजापण करतात वाटतं."

स्पिरिटनं सगळं पुसून जोड बसवले आणि आबांना पुन्हा खुर्चीत बसवलं. या वेळी आई एका झटक्यात समोर उभी राहिली, पदरापासून पायापर्यंत. आता शाबासकी घ्यायची म्हणून मी छाती काढून आबांकडे वळलो.

ते पडद्याकडेच बघत होते. उपरण्यानं डोळे पुसत म्हणाले, "मंगाशी बरं व्हतं, भाऊ. धीरे धीरे येत व्हती. तशीच येऊ दे ना तिले."

मी उठून वायरीपाशी गेलो. वायर पुन्हा हळू कशी करायची, ते मात्र मला येत नव्हतं.