तेहतीस कोटी, भागिले सतरा

"बाबा गेले गो," फोनवर आई एवढंच म्हणाली. मी पवईला ऑफिसात होते. मला रडू आलं नाही. मुलुंडच्या घरी पोचले तर दारात चपलांचा ढीग, आणि बाबांचे जुने विद्यार्थी एकमेकांना सांगतायत, असे सर पुन्हा होणे नाही... खरंच आहे. होऊ पण नयेत.

बाबा घरातच गणिताचे क्लास घ्यायचे. नववीच्या सुट्टीत मला एक गंमत सापडली. ३१ ही मूळ संख्या, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही. ३३१ तशीच. ३३३१ पण. मी पुढे एकेक तीन लावत गेले. अख्खा मे महिना कॅल्क्युलेटर बडवला, बोटं दुखली, पण ३,३३,३३,३३१ पर्यंत एकही फुटली नाही. सात संख्या! वाटलं, आता तरी बाबा शाब्बास म्हणतील. तेवढंच हवं होतं मला, शप्पथ.

"सगळ्या मूळ?" त्यांनी जेवता जेवता विचारलं. "वा वा. उद्या क्लासमध्ये सांग."

दुसऱ्या दिवशी भरल्या बॅचसमोर मी सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "आता पुढची लिही." लिहिली. तेहतीस कोटी तेहतीस लाख तेहतीस हजार तीनशे एकतीस. "सतराने भाग." मी भागत गेले... खाली शून्य आलं. त्यांना आदल्या रात्रीच माहीत होतं हो! "सातदा जमलं म्हणून आठव्यांदा जमणारच, असं समजणाऱ्याला काय म्हणतात रे?" त्यांनी पोरांना विचारलं. "गाढव, सर!" सगळी एका सुरात ओरडली. बाबा पोट धरून हसले. इतके खूश मी त्यांना पुन्हा कधी पाहिलं नाही.

मी कॉमर्सला गेले. "सुटलो," बाबा म्हणाले. पुढे नोकरी, लग्न, बढती... प्रत्येक पेढ्याला नुसतं "हं". बरं, गणितात चूक माझीच होती, त्यामुळे भांडायचीही सोय नाही.

तेराव्यानंतर आई आणि मी दोघीच उरलो. असल्या लेखांत शेवटी कळतं ना, की माणूस मनातून कौतुक करायचा, फक्त बोलायचा नाही? मलाही तेच हवं होतं. विचारलं, "आई, माझ्यामागे तरी कधी चांगलं बोलले का गं?" आई मूळची मालवणची, गोड बोलणं तिला जमत नाही.

"नाय गो," ती म्हणाली. "खोटा कित्याक सांगू?"

खिडकीपाशी बाबांची खुर्ची आहे. आई ती रोज पुसते, बसत मात्र नाही. त्या दिवशी मी मुद्दाम जाऊन बसले. आई स्वयंपाकघरातून धावत आली, "उठ गो, ओरडतले ते!"

मी उठलेसुद्धा.