कोशाचं लुगडं

सत्तरच्या दशकाअखेरीस मी लाखनीहून साकोलीला एसटीनं नोकरीला जात असे. लाखनीच्या स्टँडवर एक बाई उकडलेले शिंगाडे विकायची. अंगावर रोज तेच कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं लुगडं, आणि त्याची पार चाळणी झालेली. पदर वाऱ्यानं उडाला की ती तो सावकाश, जपून खांद्यावर घ्यायची, जणू आजच घडी मोडली आहे.

एकदा एका मास्तरीणबाईंनी तिला जुनं पातळ देऊ केलं. बाई उसळलीच. "मले काय लुगडे नाहीत? हा माह्या लग्नातला कोसा हाय. सासूनं पेटीत घातला न् किल्ली कमरेले खोसली. 'चांगल्या दिवशी नेस,' म्हणे. वीस वर्षांत चांगला दिवस आलाच नाही. मंग पेटी उघडली, तं आत तिळाएवढाले भुंगे! मले नेसू नाही देल्ला, किड्याईले खाऊ देल्ला. आता रोज बुढीच्या समोरून नेसूनच निघतो. पाह्य म्हणा!"

एका चुलीवर जेवणाऱ्या दोन बाया, आणि मध्ये ते लुगडं. मला त्या घरात संध्याकाळ कशी होत असेल, याचीच धास्ती वाटायची.

थंडी सरताना आठ-दहा दिवस ती दिसली नाही. मग आली ती साध्या सुती लुगड्यात.

"कोसा कुठं गेला?" मी विचारलं.

"बुढी गेली," शिंगाडे कागदात बांधत ती म्हणाली. "त्याच्यातच गुंडाळून धाडलं तिले. लय जपला होता तिनं."