एक नंबरचं गाणं

नांदेडच्या बसस्टँडजवळ पेन ड्राइव्हमध्ये गाणी भरून देणारे एक चाचा बसतात. इअरफोनचं एक टोक कानात आणि दुसरं छातीवर लोंबकळत ठेवून, डोळे मिटून ते प्रत्येक गाणं तपासतात. मी आवडत्या रॉक बँडच्या गाण्यांची क्रमवार यादी दिली. प्रत्येक गाण्यापुढे आठवण होती: कॉलेजची खोली, पहिली मोटारसायकल.

"साहेब, दोनपासून सुरू केलंत. एक नंबर कुठं हाय?"

"ते भावाचं गाणं. आजारपणात तो लातूरहून फोन करायचा, ये, दोघं मिळून ऐकू म्हणायचा. मी टाळत राहिलो. तो वारला. आता ऐकवत नाही."

"चूक तुमची, अन् सजा गाण्याला कामून?"

मी गाण्याचं नाव सांगितलं. त्यांनी ते लावलं आणि लोंबकळणारं टोक माझ्यापुढे धरलं.