सड्यावरचा पंच

आत्माराम गोताडांना धंदा विचारला तर ते शेती सांगत. पण त्यांचं खरं काम हजर असण्याचं होतं. सरकारला प्रत्येक घटनेसाठी पंच लागतात, आणि पावसकडच्या त्या वाडीत दिवसाउजेडी घरी सापडणारा, सही येणारा पुरुष बहुधा हाच. बाकीचे मुंबईला. बिबट्याने शेळी नेली, बोलवा आत्मारामाला. वादळात छप्पर उडालं, बोलवा आत्मारामाला. कुणी पऱ्याच्या पाण्यात वाहून गेलं, तर प्रेत मिळायच्या आधी आत्माराम मिळत.

पद्धत ठरलेली होती. साहेब पडवीत टेकत, 'समक्ष पाहणी केली असता' असं लिहीत, आणि मग विचारत, "जागेवर जायला हवं का हो?"

"कशाला तरास? मी सांगतोय ना."

चहा होई. सही होई. आत्माराम पेनाचं टोपण स्वतःच्या हाताने लावून पेन परत देत, त्यात एक अदब असे.

सतरा वर्षांपूर्वी वरच्या सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर, जांभ्या दगडाची चिरेखाण निघाली तेव्हाही पाहणी पडवीतच झाली. 'सदर जागा निव्वळ कातळ असून तेथे झाडझाडोरा नाही, गवत नाही, पाण्याचा स्रोत नाही.' खोटं लिहिलं असं आत्मारामांना वाटलं नाही. सारा कमी बसावा म्हणून वाडीतल्या तीन पिढ्यांनी मोजणीदाराला हेच सांगितलं होतं: वर काय पिकत नाय. सही चालू असताना त्यांची बायको सावित्री सड्यावरून गवताचा भारा घेऊन उतरली आणि साहेबांना वळसा घालून गोठ्यात गेली. साहेबांनी पाय आखडून घेतले, गवत लागू नये म्हणून.

मग चिरे गेले. त्यांचे बंगले गणपतीपुळ्याला उभे राहिले आणि तिथे लोक निसर्गाच्या सान्निध्यात राहायला येऊ लागले. सड्यावर उरला खड्डा, तीन पुरुष खोल, कडा चाकूने कापल्यासारख्या.

या वर्षी त्या खड्ड्याच्या काठावर पाटी लागली: 'भूमी पुनर्स्थापना प्रकल्प'. आणि राख यायला लागली. कुठल्याशा देशात डोंगर फोडून कोळसा काढला, तो जहाजाने आला, एका वीजघरात जळला. आता त्याची राख इथला डोंगर फोडून केलेल्या भोकात ओतायची. एका भोकाने दुसऱ्याची सोय. ठेकेदाराचा इंजिनिअर स्वरूप हे समजावताना इतका प्रसन्न दिसे, जणू सृष्टीचा आराखडा त्यानेच पास केला होता.

दहा गाड्या राख पडली आणि एक अवकाळी सर आली. दुसऱ्या दिवशी सावित्रीने विहिरीतून काढलेली कळशी पडवीत आणून ठेवली. पाण्यावर करडा तवंग होता.

आत्माराम सड्यावर गेले. "खाली कायतरी घालाल ना? प्लॅस्टिक-बिस्टिक?"

"काका, जवळ पाणी असेल तर घालतात," स्वरूप म्हणाला.

"मग वर माती? झाडं?"

"मूळ स्थितीत नव्हती. आम्ही जमीन मूळ स्थितीला आणून देणार. कमी नाही, जास्त नाही." त्याने मोबाइलवर जुना कागद उघडून दाखवला. खाली सही होती, खणखणीत.

बुधवारी पुन्हा पंचनामा होता: काम पुढे चालू ठेवण्यास हरकत नाही, असा. पंच अर्थातच आत्माराम.

"सांगा त्यांना, खाली आपली विहीर हाय," सावित्री म्हणाली.

"म्हणतील, मंग तेव्हा खोटी सही केलीस."

"केलीत ना?"

शेजारची गोदूबाई हे ऐकून कुंपणाशीच आली. "तात्यांनू, गप ऱ्हावा हां! तुमची एक सही खोटी ठरली तर वादळातल्या माझ्या छपराचं काय? अठरा कौलं गेली नि तुम्ही अख्खं छप्पर लिवलंत!"

"हळू बोल गो!"

"हळूच बोलतेय. वाडीतल्या सगळ्यांची छप्परं तुमच्या सहीवर उभी हायत!"

आत्माराम जेवले नाहीत. तीस वर्षांत त्यांनी जग जसं सांगितलं तसं ते कागदावर राहिलं होतं. आता तेच जग गाड्या भरभरून वर येत होतं.

बुधवारी अक्षया मॅडम आल्या. पूर्वी त्यांना तलाठी म्हणत, आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पडवी तीच. त्यांनी 'समक्ष पाहणी केली असता' एवढं लिहिलं.

"चला वर," आत्माराम म्हणाले.

"काका, ऊन बघा की."

"चला."

स्वरूप हसला. पण म्हातारा उठून चालू लागला होता, त्यामुळे सगळे निघाले. अर्ध्या चढणीवर आत्मारामांची वाट चुकली. सतरा वर्षांपूर्वी ज्या जागेची ग्वाही दिली, तिथे ते क्वचितच गेले होते. शेवटी सावित्रीने पुढे होऊन कडेखालचा झरा दाखवला: कातळाच्या पोटातून बोटभर धार, आणि खाली दोनशे पावलांवर विहीर.

"हे लिवा," आत्माराम म्हणाले.

"पण जुन्या पंचनाम्यात तर..." अक्षया मॅडम थांबल्या. "काका, सही तुमचीच आहे."

"न बघता केली. तसंच लिवा."

"तुमच्या अंगावर येईल. आणि तुमचे बाकीचे पंचनामे..."

"शेळ्या खरंच मेल्या होत्या," आत्माराम म्हणाले. छपरांबद्दल ते काही बोलले नाहीत.

मॅडमनी लिहिलं. असलं वाक्य लिहायला रकाना नव्हता म्हणून समासात लिहिलं. समासात लिहिलेलं कुणाला निस्तरता येईना, म्हणून फाइल अभिप्रायासाठी वर गेली, आणि अभिप्राय येईपर्यंत गाड्या थांबल्या. चार महिने झाले. अभिप्राय आलेला नाही. ज्या आळसाने खाण मंजूर केली तोच आता विहीर राखतोय. दहा गाड्यांची राख तेवढी तिथेच आहे. सावित्री कळशीच्या तोंडाला दुपदरी फडकं बांधते.

गोदूबाई बोलत नाही. पंच म्हणून आता नितेशला बोलावतात. तो रिक्षा चालवतो, चालत्या रिक्षेतही सही करतो.

आत्मारामांना मात्र नोटीस आली: खोटी ग्वाही का दिली, आणि सदर जागेवर नेमकं काय आहे, याचा सात दिवसांत लेखी खुलासा करावा. ते कागद घेऊन सड्यावर बसले. सावित्री पुढे वाकून एकेक दाखवत होती. फोडशीची भाजी. कवळ्याची. मग एका पिवळट, बोटभर उंचीच्या गवतापाशी ती थांबली.

"ह्याला काय म्हणतात?" आत्मारामांनी विचारलं.

"नाव कशाला पायजे? गुरं खातात."

आत्मारामांनी लिहिलं: 'नाव माहीत नाही. गुरे खातात.'