घाटावरची सिगारेट

नदीच्या घाटावर नवी पाटी लागली आहे: 'येथे धूम्रपानास मनाई आहे.' माझ्या भावाच्या, दादाच्या दहाव्याला तिच्याजवळच पिंड ठेवला होता आणि कावळा काही शिवेना. शेवटी काकांनी सिगारेट पेटवून पिंडाशेजारी ठेवली. मी हादरलेच. याच धुराने त्याची फुप्फुसं पोखरली होती.

"अहो, इथे मनाई आहे," गुरुजी म्हणाले.

"ती जिवंत माणसांना, गुरुजी."

उघड्यावरचा धूर कुणाला बाधतो, असं दादा म्हणायचा. मोकळ्या हवेत तो खरंच विरून जातो, की कुणाच्या तरी श्वासात जाऊन बसतो?

कावळा शिवला. सगळ्यांनी हात जोडले. मी मात्र तो नकोसा धूर छातीत खोल ओढून घेत उभी राहिले. दादाच्या शर्टाला हाच वास यायचा.