जलफ नावाचा मसाला

आमच्या शोळिंगनल्लूरच्या सोसायटीत ब्रेलची ओळख करून देणारा कार्यक्रम ठरला, तेव्हा प्रास्ताविक मी करीन असं मीच सांगून टाकलं. बायको गेल्यापासून मी लोकांत मिसळत नाही, अशी तक्रार होती, आणि मिसळण्याचा मला ठाऊक असलेला एकच प्रकार म्हणजे भाषण.

शेवटची काही वर्षं तिला दिसत नव्हतं. तळमजल्यावर राहणाऱ्या, तंजावरकडच्या मराठी, जन्मापासून अंध असलेल्या एका निवृत्त शिक्षिकेकडून ती ब्रेल शिकली. मग प्रत्येक डब्यावर ठिपक्यांची पट्टी चिकटवून ती पुन्हा एकटीनं स्वयंपाक करू लागली. आता डबे मी घासतो, आणि इतक्या उत्साहानं घासतो की हळदीची पट्टी निघूनच गेली. ती मला परत लावायची होती. कार्यक्रमामागचं माझं खरं कारण एवढंच. भाषणात त्याला मी समाजप्रबोधन म्हटलं.

ब्रेलमध्ये मराठीचा ‘क’ आणि तमिळचा ‘क’ एकच, हेही सांगितलं. ज्याला इतक्या वर्षांत बसवरची तमिळ पाटी वाचता आली नाही, त्यानं ते तमिळ शेजाऱ्यांना इंग्रजीतून समजावलं.

“राव, पुरे,” शिकवायला आलेल्या तळमजल्यावरच्या त्या बाई म्हणाल्या. इथे मराठी माणसाला सगळे रावच म्हणतात. “ठिपके पाडा आता.”

प्रत्येक घरानं आपल्या दारासाठी नावाची पट्टी करायची होती. मी गुपचूप ‘हळद’ टोचायला घेतलं. ब्रेल उजवीकडून डावीकडे टोचायचं आणि प्रत्येक अक्षर आरशातल्यासारखं उलटं पाडायचं, म्हणजे पट्टी पालथी केली की सरळ लागतं. पहिली गोष्ट मी लक्षात ठेवली, दुसरी विसरलो.

बाईंनी बोट फिरवलं. “जलफ.”

“काय?”

“ज, ल, फ. हा कुठला मसाला हो, राव? पुण्याकडचा?”

उलटा ह म्हणजे ज, उलटा द म्हणजे फ. आणि ज्या ळसाठी मी ऑफिसात हिंदीवाल्यांशी जन्मभर भांडलो, त्याचा मी स्वतःच्या हातानं ल केला होता. समोरच्या फ्लॅटमधल्या मामींनी गंभीरपणे विचारलं, “सांबारात घालतात का?”

दुसरी पट्टी बरोबर आली. ती नीट लागली का, ते बघायला बाई सकाळी वर आल्या. हळदीवरून त्यांचं बोट पुढच्या डब्यांकडे गेलं.

“जिरं.” झाकण उघडून त्यांनी वास घेतला. “यात चहा आहे. मोहरी... यात साखर?”

रिकामा दिसेल त्या डब्यात मी हाताला येईल ते भरत आलो होतो. मला दिसत होतं ना.

“तिला आज स्वयंपाक करायचा असता तर?” बाई म्हणाल्या.



दुपारी सगळे डबे वर्तमानपत्रावर रिकामे केले आणि पट्टी सांगेल तसे भरले. पट्ट्या वाचताना डोळे मिटले होते; अडलं की उघडत होतो. शेवटी चहा उरला. चहाचा डबा पहिल्यापासून बिनपट्टीचा होता, कारण चहा नेहमी मीच करायचो. फुकट गेलेली पट्टी त्यावर चिकटवली.

आता बाई आल्या की खुर्चीत बसायच्या आधीच विचारतात, “काय राव, जलफ टाकताय ना?”